‘आईला सांगितलं तर फोन जाईल’: मुलांच्या छळाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शाळेतल्या चिडवाचिडवीबद्दल आणि मोबाइलवरच्या त्रासाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. खूप पत्रं आली. सगळी छापणं शक्य नाही म्हणून थोडी निवडलीत, नावं आणि शाळा काढून टाकल्यात. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे, मुलांनी घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. मोठ्यांना कळलं ते योगायोगानं. म्हणून आजची सगळी उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतील, मुलाला सांगावंसं का वाटत नाही आणि सांगितल्यावर पुढच्या दहा मिनिटांत आपण काय करतो.

प्रश्न: ताई, मुलगी आठवीत आहे, आम्ही कोथरूडला राहतो. एका मैत्रिणीच्या बर्थडेला हिचा केक खाताना फोटो काढला होता, त्यातला फक्त चेहरा कापून मुलींनी व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर बनवलंय. वर्गाच्या ग्रुपवर कोणी खाण्याचा विषय काढला की ते स्टिकर पडतं. दिवाळीच्या आधीपासून चालू आहे आणि मला आत्ता कळलं, तेही तिचा फोन चार्जिंगला लावताना. तिचे बाबा म्हणतात फोन काढून घे, विषय संपला. स्टिकर बनवणारी मुलगी आमच्याच सोसायटीत आहे, तिच्या आईशी बोलू का?

फोन काढून घेऊ नका, हे आधी. तिच्या बाबांना राग आलाय तो बरोबरच आहे, पण फोन गेला तर शिक्षा कोणाला झाली? तिला. ती ग्रुपमधून बाहेर पडायला तयार नसेल तर त्याचंही कारण समजून घ्या. गृहपाठ, क्लासच्या वेळा, शनिवारी कोण कुठे भेटणार हे सगळं त्याच ग्रुपवर ठरतं, शिवाय आपण बाहेर पडलो की मागे काय बोलतील ते दिसणारही नाही ही भीती असते. शाळेतल्या मुलांशी बोलताना मी घरी न सांगण्याचं कारण विचारते तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हेच, ‘आईला सांगितलं तर फोन जाईल’. म्हणजे त्रास सहन करणं त्यांना परवडतं, फोन जाणं परवडत नाही. तेव्हा आज रात्री तिला स्वच्छ शब्दांत सांगा की फोन तुझाच राहणार आणि तुला न विचारता मी कोणाला काही बोलणार नाही. आणि मग खरंच बोलू नका!

मग ऐका. मध्ये तोडू नका, ‘तू पण काही केलं असशील’ म्हणू नका, ‘एवढ्यानं काय होतंय, सोडून दे’ तर अजिबात नको. स्टिकर ही मोठ्यांना फार छोटी गोष्ट वाटते हो, पण रोज सकाळी फोन उघडल्यावर आपलंच उघडं तोंड दिसणार आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, आणि हे लोक दुपारी शेजारच्या बेंचवर बसणार, यात तेरा वर्षाच्या मुलीचं काय होत असेल? डब्याकडे नीट लक्ष द्या. खाण्यावरून चिडवलेली मुलं शाळेत डबा खायचं बंद करतात आणि घरी येताना तो रस्त्यात कुठेतरी रिकामा करतात, हे बऱ्याच घरांत फार उशिरा लक्षात येतं.

पुरावा आधी जपा. डिलीट करायच्या किंवा ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, ज्यात ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असे, कापाकापी न करता. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट करता येतं, तसं केलं की शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, पण रिपोर्ट करताना चॅट डिलीट करायचा पर्यायही समोर येतो, तो घाईत दाबला जातो आणि तुमच्याकडचं सगळं जातं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे ग्रुप्स, तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करून ठेवा म्हणजे अनोळखी कोणी उचलून नव्या ग्रुपमध्ये टाकू शकणार नाही. इन्स्टाग्रामवर असेल तर ब्लॉकऐवजी ‘रिस्ट्रिक्ट’ बघा, मुलांना ते जास्त पटतं कारण समोरच्याला कळत नाही, त्याची कमेंट त्याला एकट्यालाच दिसते आणि मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतात. ब्लॉक केलं की दुसऱ्या दिवशी वर्गात ‘मला ब्लॉक केलं हिने’ म्हणून नवीन सुरू होतं.

आता त्या आईचं. सोसायटीत, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये बोलू नका. पालकांच्या ग्रुपवर तर लिहूच नका, तिथे लिहिलं की अर्ध्या तासात दोन तट पडतात आणि तुमच्या मुलीचं नाव ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत होतं. वर्गशिक्षिकेला भेटा, आणि तोंडी सांगून परत येऊ नका. मुख्याध्यापकांच्या नावे एक पानी अर्ज लिहा, काय झालं, कधीपासून, कोण कोण आहे, शाळेकडून काय हवंय (स्टिकर सगळ्यांनी काढणं, मुलींशी वेगवेगळं बोलणं, दोन आठवड्यांनी परत आढावा), सोबत स्क्रीनशॉटच्या प्रिंट जोडा आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच असली की अर्ज मिळालाच नाही असं म्हणता येत नाही. राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी असा शासन निर्णय आहे, तुमच्या शाळेत ती आहे का आणि त्यात कोण आहे हे विचारा. शाळा सीबीएसईची असेल तर बोर्डाने २०१५ मध्येच बुलिंग रोखण्यासाठी समिती नेमायला सांगितलंय. ‘हे मोबाइलवर घरी झालं, शाळेचा संबंध नाही’ असं उत्तर मिळालं तर शांतपणे म्हणा की ग्रुप वर्गाचा आहे आणि त्रास वर्गात होतोय.

प्रश्न: मी दहावीत आहे. हडपसर. इन्स्टावरचा माझा साधा फोटो घेऊन कोणीतरी एआयने घाण फोटो बनवलाय आणि एका फेक आयडीवरून मला पाठवला. पाच हजार दे नाहीतर शाळेच्या कन्फेशन पेजवर टाकीन म्हणतोय. घरी कळलं तर माझं शिक्षण बंद करतील. प्लीज लवकर उत्तर द्या.

तुला आम्ही वेगळं उत्तर लगेच पाठवलंय, पण अशाच अडचणीत अजून कोणी असेल म्हणून इथे छापतोय.

यात तुझी काही चूक नाही. फोटो टाकणं हा गुन्हा नाही, त्याचं असं करणं हा गुन्हा आहे, आणि साधा नाही. तुझं वय १८ च्या आत आहे त्यामुळे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू होऊ शकतो, आणि आयटी कायद्याच्या ६७ब कलमात पहिल्यांदा दोषी ठरला तरी ५ वर्षांपर्यंत तुरुंग आणि १० लाखांपर्यंत दंड आहे.

पैसे देऊ नकोस. एकदा दिले की तो परत मागतो. भांडू नकोस, विनवण्याही करू नकोस, उत्तर देणं थांबव. त्या आयडीच्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव (नाव बदलता येतं म्हणून नुसतं नाव पुरत नाही), चॅटचे स्क्रीनशॉट घे, मग आयडी रिपोर्ट कर. ‘टेक इट डाऊन’ नावाची एक मोफत सेवा आहे, १८ च्या आतल्या मुलांसाठीच, तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, तुझ्या फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच पुढे जातो, त्यावरून सेवेत सामील असलेल्या कंपन्या तो फोटो आपल्याकडे शोधून काढून टाकू शकतात. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर बायका आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. आणि १०९८, हा मुलांसाठीचा नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा.

पण एक मोठं माणूस सोबत हवं. आईबाबा नसतील तर मावशी, आत्या, शाळेतली एखादी बाई, मोठी चुलत बहीण, जिच्यावर तुझा विश्वास आहे ती. तिला हे पान दाखव. पोलिसांकडे जायचं झालं तर कुठल्याही पोलीस ठाण्यात जाता येतं, पुण्यात बायका आणि मुलांच्या मदतीसाठी पोलिसांचा भरोसा सेलही आहे, आणि तुझं नाव बाहेर येऊ न देणं हे कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणि ज्यांच्या मुलीचं हे असेल त्या पालकांना, हात जोडून: शिक्षण बंद करू नका, आणि तो फोटो ‘बघा काय केलंय’ म्हणून काका-मामांना फॉरवर्ड करू नका. तो पसरवणं हाच गुन्हा आहे, तुम्ही आई असलात तरी.

प्रश्न: शाळेतून बोलावणं आलं. मुलगा सहावीत आहे, व्हॅनमध्ये चौथीतल्या एका मुलाचा डबा काढून घेतो, त्याला मागच्या सीटवर कोपऱ्यात दाबून बसवतो, ढब्बू ढब्बू करतो. मी घरी आल्यावर त्याला बदडला. बायको म्हणते मुलं असं करतातच, मोठा झाला की सुधारेल. कोण बरोबर?

दोघंही नाही. ताकदवान माणूस कमी ताकदीच्या माणसाला मारू शकतो हे त्याला आधीच माहीत होतं, तुम्ही ते परत एकदा दाखवलंत, आणि आता तो व्हॅनमध्ये करेल पण पकडला जाणार नाही याची काळजी घेऊन करेल. आणि ‘करतातच’ म्हणून सोडलं तर त्या चौथीतल्या पोरानं रोज सकाळी पोट दुखतंय म्हणत उठायचं, असं ठरवल्यासारखं झालं.

तुम्ही शाळेत गेलात, ऐकून घेतलंत, आमचा मुलगा असं करणारच नाही म्हणून भांडला नाहीत, हे फार थोडे पालक करतात, म्हणून तुमच्याशी मोकळं बोलते. त्याला ‘का केलंस’ विचारू नका, त्याला उत्तर माहीत नसतं, तो ‘तो पण’ नाहीतर ‘मस्करी होती’ म्हणेल. ‘काय केलंस’ विचारा. डबा कोणी घेतला, उघडला कोणी, खाल्ला कोणी, तो काय म्हणाला, तू काय म्हणालास. सगळं त्याच्याच तोंडून, सावकाश. बऱ्याच मुलांना इथेच पहिल्यांदा कळतं की आपण काय केलंय.

मग भरपाई. जबरदस्तीनं सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं तर त्यातून फक्त सूड उगवतो. त्यापेक्षा व्हॅनकाकांशी तुम्ही त्याच्यासमोर बोला, त्याची जागा पुढे काकांच्या शेजारी ठरवा, आणि त्या मुलाच्या पालकांना तुम्ही फोन करा, तो शेजारी बसलेला असताना. बापानं दुसऱ्याच्या बापाला ‘आमच्या मुलाकडून चुकलं, आम्ही लक्ष ठेवतोय’ म्हटलेलं ऐकणं मुलावर वेगळंच काम करतं. पुढचे दोन महिने दर शनिवारी काकांना विचारा. बरा वागला तर त्याला तसं सांगा, ते राहून जातं.

अजून एक. त्याला कोणी दाबतंय का ते बघा. शाळेत, क्लासला, सोसायटीच्या ग्राउंडवर मोठी मुलं. एकीकडे मार खाऊन दुसरीकडे देणारी मुलं असतात आणि त्यांची अवस्था सगळ्यात वाईट असते कारण त्यांना कोणाचीच सहानुभूती नसते.

प्रश्न: मी नववीत. आमच्या वर्गात एकाला सगळे त्रास देतात, त्याचं दप्तर खिडकीतून टाकतात, ग्रुपवर त्याचे मीम्स असतात. मी काही करत नाही पण हसतो सगळ्यांबरोबर, नाही हसलो तर माझ्यावर येईल. मी वाईट आहे का?

नाही रे. वाईट असतास तर हे लिहिलं नसतंस.

तुझ्यासाठी दोन गोष्टी सांगते कारण त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि माइक लावून मुलांचं वागणं बघितलं, २००१ मध्ये ते छापून आलं. बघणाऱ्यांपैकी कोणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! आणि फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं ‘किवा’ नावाचा कार्यक्रम बनवला, २००९ पासून तो देशभरातल्या शाळांत नेला, त्याचा मोठा भर बघणाऱ्या मुलांवर आहे, कारण त्रास देणारा जे करतो ते बघणाऱ्यांसाठी करतो. नाटकाला प्रेक्षक नसले तर प्रयोग किती दिवस चालेल?

म्हणून हिरो व्हायला नको. चौघांसमोर एकटा जाऊन भिडू नकोस, मार खाशील. तू फक्त हसणं बंद कर. मीम आलं की इमोजी टाकू नकोस, पुढे पाठवू नकोस. एवढं पहिल्या आठवड्यात. दुसरं, दप्तर खाली पडलं की घेऊन यायला त्याच्यासोबत जा, काही बोलायची गरज नाही, नुसता जिना उतर त्याच्याबरोबर. तिसरं, संध्याकाळी त्याला वैयक्तिक मेसेज कर, ‘आज जे झालं ते चुकीचं होतं’, बस. आणि वर्गात अजून दोघंतिघं तुझ्यासारखेच असणार, ज्यांना हे आवडत नाहीये पण हसतायत. त्यातला एक शोध. दोघं झालात की सरांना सांगायला जाणं सोपं होतं, आणि ती चुगली नाही, कोणाला शिक्षा व्हावी म्हणून तू सांगत नाहीयेस, कोणाचं तरी दुखणं थांबावं म्हणून सांगतोयस. त्यानं कधी ‘मला जगायचंच नाही’ असं काही लिहिलं किंवा म्हटलं तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या माणसाला सांग, त्यानं कोणाला सांगू नकोस म्हटलं असलं तरी. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पण लक्षात ठेव, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न: आम्ही लातूरकडचे. नातू यंदा सातवीला पुण्यात आला, बोलण्यावरून मुलं गावठी म्हणतात. परवा एका सरांनीही वर्गात त्याची नक्कल केली म्हणे. तो आता घरीसुद्धा तोंड उघडत नाही. तक्रार केली तर सर डूख धरतील का?

आजोबा, मुलांचं एकवेळ समजू शकते, पण सरांनी नक्कल केली की वर्गाला परवानगीच मिळाली. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, ते कलम चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहे, म्हणजे तुमच्या नातवाला आहे. मुख्याध्यापकांना भेटा, मुलाच्या वडिलांना सोबत घ्या, आणि सूर तक्रारीचा ठेवण्यापेक्षा आधी एवढंच सांगा की मूल बोलायचं थांबलंय. चांगल्या शाळेत तेवढ्यानं हलतात. नाही हललं तर लेखी अर्ज, पोच.

घरात मात्र त्याची भाषा सुधारायला जाऊ नका. तुम्ही त्याच्याशी जसं गावाकडे बोलत होता तसंच बोला, फोनवर गावातल्या मित्रांशी बोलू द्या. त्याला लाज वाटली पाहिजे असं त्याच्या बोलण्यात काही नाही, आणि हे त्याला तुमच्याकडून ऐकायचंय, माझ्याकडून नाही. चिडवण्यात जातीवरून काही येत असेल तर ते वेगळं आणि गंभीर आहे, अर्जात ते शब्द जसेच्या तसे लिहा.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. दोन मुलांचं असं काही झालं की आम्ही दोघांना समोरासमोर बसवतो, बोलायला लावतो, हात मिळवून घेतो. बरोबर आहे ना?

भांडण असेल तर बरोबर. छळ असेल तर नका करू.

फरक कसा ओळखायचा? नॉर्वेच्या डॅन ओल्वेयस यांनी १९८३ मध्ये तिथल्या शाळांमध्ये मोठं काम सुरू केलं, त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही उपयोगी पडतात, मुद्दाम केलेलं आहे, पुन्हा पुन्हा होतंय, आणि दोघांची ताकद सारखी नाही. ताकद म्हणजे फक्त शरीर नाही, मित्रांची संख्या, घरचा पैसा, इंग्रजी, ग्रुपचं अॅडमिन असणं, सगळं त्यात येतं. दोन सारख्या मुलांनी बॉलवरून एकमेकांची कॉलर धरली तर बसवा समोरासमोर. पण रोज मार खाणाऱ्या मुलाला तुम्ही समोर बसवता तेव्हा तो तुमच्यासमोर ‘काही नाही मॅडम, आम्ही मित्र आहोत’ म्हणणारच, कारण बाहेर जिन्यावर त्याला त्याच मुलाबरोबर उतरायचंय. हात मिळवून घेतला की तुमच्या दृष्टीनं विषय मिटला, आणि त्याला कळलं की मॅडमना सांगून उपयोग नाही. तो परत येणार नाही.

वेगवेगळं बोला. त्रास होणाऱ्याशी आधी, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर बोलावून नाही, वही तपासायच्या निमित्तानं. मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्यानं, एकामागून एक, मध्ये त्यांना एकमेकांना भेटू न देता, नाहीतर गोष्ट आधीच ठरलेली असते. बघणाऱ्या दोनतीन मुलांशीही. आणि एक वही ठेवा, तारीख, काय झालं, काय ठरलं. आठ दिवसांनी त्या मुलाला परत विचारा, आणि महिन्यानं परत, कारण पहिल्या बोलण्यानंतर त्रास बंद होत नाही, जागा बदलतो. वर्गातून टॉयलेटपाशी जातो, तिथून फोनवर. तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीत कुठल्या कोपऱ्यात मोठं माणूस नसतं ते उद्या एकदा फिरून बघाल का? मुलांना विचारलंत तर ती नकाशा काढून देतील.